हागारेची दुसरी वेळ

पपा उपदेशाची तालीम शेळ्यांसमोर करत. माणसांपेक्षा शेळ्या बऱ्या, मधे खोकत नाहीत आणि घड्याळाकडे बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या शनिवारी दुपारी मी गोठ्यामागच्या दोरीवर माझ्या पोराची, दानीची, दुपटी वाळत घालत होते आणि पत्र्याच्या पलीकडून त्यांचा आवाज येत होता.

"...आणि रानातल्या झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताला ती सापडली. बंधूंनो, भगिनींनो, हा दूत कोण? हा साधा निरोप्या नव्हे. हा आपला प्रभू आहे. बेथलेहेमात जन्म घेण्याच्या कितीतरी आधी तो एका दासीला शोधत रानात आला. आणि तिला म्हणाला, तू आपल्या धनिणीकडे..."

इथे आवाज थांबला. पपांनी घसा साफ केला आणि पुन्हा 'हा दूत कोण'पासून सुरुवात केली. पुन्हा 'धनिणीकडे' आलं आणि पुन्हा घोडं अडलं. एक शेळी ओरडली. मला हसूही आलं आणि हातातलं दुपटं दोरीवर टाकायचं राहूनही गेलं, कारण पुढचे शब्द मला पाठ होते. पाळकाच्या घरातल्या पोरांना ते पाळण्यातच पाठ होतात. परत जा, आणि तिच्या हाताखाली नमून राहा.

बुधवारी मी जालन्याहून, सासरहून, पोराला काखेत मारून निघून आले होते. अंगावरची साडी, खांद्याला एक पिशवी. त्यानंतरच्या रविवारी पपांना नेमका हाच अध्याय सांगायचा होता. चर्चच्या दारावरच्या फळ्यावर खडूनं तसं लिहूनही झालं होतं.

आमचं घर म्हणजे नेवाशाच्या पुढे एका गावाबाहेरचं मिशन कंपाउंड. चर्च, शाळा, विहीर आणि पाळकाचं कौलारू घर. पपा म्हणजे रेव्हरंड शांतवन ओहोळ. माझं नाव मिर्याम. मोशेच्या बहिणीचं नाव. ती मोशेला उलटून बोलली आणि तिला कोड फुटलं, अशी गोष्ट आहे. मी उलट उत्तर दिलं की पपा म्हणत, "नाव ठेवतानाच चुकलो."

त्या वर्षी पपांनी रविवारच्या उपदेशांची एक माळ धरली होती. बायबलच्या जुन्या करारात देव माणसांना दिसला असं लिहिलंय. मग दिसला तो नक्की कोण? पपांनी ही माळ शेवटाकडून ओवायला घेतली. आधी राजानं धगधगत्या भट्टीत टाकलेल्या तिघांसोबत न जळता फिरणारा तो चौथा. मग नंगी तलवार घेऊन यहोशवापुढे उभा राहिलेला सेनापती. मग याकोबाशी पहाटेपर्यंत कुस्ती खेळणारा. मग भर दुपारी अब्राहामाच्या तंबूशी आलेले ते तिघे पाहुणे. आणि सगळ्यांत शेवटी, जी सगळ्यांत आधी घडली ती गोष्ट: हागारेची.

अब्राहामाची बायको सारा हिला मूल होईना. म्हणून तिनं आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. हागारेला दिवस गेले, तशी सारेनं तिला छळ छळ छळलं. हागार रानात पळाली. तिथे परमेश्वराचा दूत तिला भेटला.

पपांचं म्हणणं, या सगळ्या ठिकाणी भेटला तो ख्रिस्तच. आणि बार्नबस मास्तरांचं म्हणणं, छे.

बार्नबस मास्तर म्हणजे मंडळीचे वडील पंच, शाळेचे निवृत्त हेडमास्तर, पपांचे जुने मित्र. माझं लग्न त्यांनीच जमवलं होतं. माझे सासरे त्यांच्या नात्यातले. दर शनिवारी ते चहाला येत आणि दोघं ओसरीवर बसून देवदूतांवरून भांडत. आई म्हणायची, यांच्या भांडणात देवदूताचं एक पीस शिल्लक राहायचं नाही.

त्या शनिवारीही मास्तर आले. मी चहा ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कपाकडे बघून म्हणाले, "सलाम, बाळ. बरी हाईस ना?"

"बरी आहे, मास्तर."

"जालन्याहून माणसं येत्यात उद्या. तुझे सासरे आन् बेंजामिन. उद्या प्रभुभोजन हाय. म्हणलं, समेट करून टाकू, मग प्रभूचं ताट घेऊ, मग दुपारच्या गाडीनं तुम्ही मंडळी जाल."

हा आमच्या मंडळीतला जुना रिवाज. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकरी खायची; त्याआधी पाळक विचारतात, कुणाचा कुणाशी तंटा आहे का. असेल त्यानं उठून सगळ्यांदेखत समेट करायचा. नाही केला, तर भाकरीचं ताट त्याला ओलांडून पुढे जातं. ताट ओलांडून गेलेला माणूस मी लहानपणी एकदा बघितला होता. बांधावरून भावाशी बोलणं तुटलेला. तो पुढे मंडळीत आलाच नाही.

मी आत गेले, पण दाराआडच उभी राहिले. अशा वेळी कान बंद ठेवण्याइतकी मी पवित्र नव्हते.

"पाळकसाहेब," मास्तर म्हणत होते, "उद्याचा अध्याय बरा आलाय बघा. जणू प्रभूनंच धाडला."

"मास्तर, तुमच्या मते तो दूतच ना? गेले काही रविवार तुम्ही माझा जीव खाल्ला. म्हणे, दूत म्हणजे पोस्टमन. पत्र आणतो, म्हणून काय तो कलेक्टर होतो का?"

"म्हणलो होतो."

"मग?"

मास्तर थोडे घुटमळले. "न्हाई, मी इचार केला. तुमचंच बरोबर वाटतंय. हागार त्याला देव म्हणते. तू मला पाहणारा देव, असं नावच ठेवते. तेव्हा तो प्रभूच. आन् प्रभू म्हणला, परत जा. म्हंजे ही खुद्द प्रभूची आज्ञा झाली."

 इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच मास्तरांनी हार मानली होती, आणि जिंकलेल्याच्या तोंडाला मात्र कुलूप लागलं होतं. बशीत कप ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

मी आधीही एकदा पळून आले होते. दानी तेव्हा पोटात होता. पाचवा महिना. पपांनी मला दारात बघितलं, डोक्यावर हात ठेवला, आणि त्याच संध्याकाळी प्रार्थनेत सोसण्याविषयीचं वचन वाचलं. सकाळी आईनं शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि पपा स्वतः मला जालन्याला पोचवून आले. गाडीत त्यांनी खिडकीबाहेरची पिकं दाखवली. काय झालं म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ज्यानं विचारलं नाही त्याला सांगायचं नाही, हा माझा जन्मजात हट्टीपणा.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माझी सासू स्वयंपाकघराची किल्ली कमरेला लावून फिरायची आणि मला शिळं मोजून वाढायची. ते एक वेळ सोसवेल. दानी झाल्यावर तिनं त्याला उचलून आपल्या खोलीत नेलं. मला दूध पाजायला बोलवायची आणि पाजून झालं की, "आण इकडं. पोर आमचं आहे. तू काय, आज हाईस, उद्या नाहीस." त्या मंगळवारी मी पोराला सोडलं नाही, घट्ट धरून बसले, तेव्हा तिनं चुलीवरचं उलथनं माझ्या दंडाला लावलं. बेंजामिन दारात उभा होता. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि सायकलला हवा भरायला निघून गेला. दिवसभर त्या सायकलला हवाच कमी पडत होती म्हणायची.

दंडावरचा चट्टा आईनं बुधवारीच बघितला, मी न्हात असताना. ती पदर तोंडात कोंबून रडली. मी तिला शपथ घातली, "पपांना सांगायचं नाहीस. त्यांनी विचारलं तर मी सांगेन."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर कळलं मला."

"तुम्ही दोघं एकाच मातीचे," आई म्हणाली. "एकाला विचारता येत नाही, दुसरीला सांगता येत नाही. मधल्यामधे माझं मरण."

मास्तर गेल्यावर आई ओसरीवर गेली. दिवेलागणीची वेळ होती. मी दानीला भात भरवत होते. पण घर तेवढंसंच, सगळं ऐकू यायचं.

"अहो, उद्या म्हणा की तो दूत होता म्हणून."

"काय?"

"मास्तर इतके दिवस तेच म्हणत होते ना? म्हणा, मास्तरांचं खरं. साधा दूत होता. दूताचं काय एवढं ऐकायचं? माझ्या लेकीच्या गळ्यातला फास तरी सुटेल."

पपांचा आवाज हळू झाला. "भट्टीत तो प्रभू. यहोशवापुढे प्रभू. याकोबाशी झटला तो प्रभू. आणि माझ्या मुलीची पाळी आली की दूत? लोक मला तोंडावर काही म्हणणार नाहीत. पण मी उद्यापासून कुठल्या तोंडानं वचन उघडू?"

"तुमचं तोंड राहू द्या. तिचं काय?"

"मी वचनात एक अक्षर कमी करणार नाही, रत्ना."

"मग एक जास्त तरी वाचा," आई म्हणाली आणि आत आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि दानीच्या ताटात उगीचच आणखी भात वाढला. मला त्या क्षणी पपांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट. धड रडताही येत नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. एरवी शेतात असणारेही आले होते. कुणाच्या घरचं भांडण चव्हाट्यावर येणार म्हटलं की भक्ती वाढते. मी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले, वैशाखात लांब बाह्यांचा पोलका घालून. पुरुषांच्या बाजूला पहिल्याच बाकावर मामंजी, इस्त्रीचं धोतर, हातात नवा रुमाल. शेजारी बेंजामिन. दानीनं बापाला बघितलं आणि "बा, बा" करत आईच्या मांडीवरून घसरून पळाला. बेंजामिननं त्याला उचलून मांडीवर घेतलं. मला वाटलं, संपलं. पोर तिकडे गेलं, आता त्याच्यामागे मीही जाणार.

गीतं झाली. पपा उभे राहिले. त्यांनी झऱ्यावरच्या दूताचा अध्याय वाचला आणि तालमीत ठरलेलं सगळं सांगितलं. हा दूत कोण, साधा निरोप्या का नव्हे, हागारेनं त्याला पाहणारा देव का म्हटलं. मग ते अडायच्या ठिकाणी आले. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. फक्त पपा बघत नव्हते.

"आणि प्रभू तिला म्हणाला, आपल्या धनिणीकडे परत जा, आणि तिच्या हाताखाली नमून राहा."

या वेळी ते अडखळले नाहीत. मामंजींनी मान डोलावली. आईनं माझा हात पकडला, तो नेमका दुखऱ्या दंडाशी, आणि मी ओठ चावला.

"ही आज्ञा प्रभूची आहे," पपा म्हणाले. "मी ती कमी करणार नाही. पण आता पानं उलटा. अध्याय एकविसावा."

लोक गोंधळले. फळ्यावर एकच अध्याय लिहिलेला होता. पातळ पानांची सळसळ झाली, कुणी चष्मा शोधला. पपांनी कुणाची वाट पाहिली नाही.

"काही वर्षं गेली. हागार परत गेली होती. नमून राहिली होती. मुलगा झाला. आणि तरीही सारेनं तिला घराबाहेर काढलं, आणि ती पुन्हा त्याच रानात आहे. या वेळी मुलगा बरोबर आहे. कातड्याच्या मसकेतलं पाणी संपलंय. तिनं त्याला झुडपाखाली टाकलंय आणि लांब जाऊन बसलीय, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. आणि पुन्हा तोच आवाज येतो. तोच, बरं का. मी तुम्हांला तो कोण हे इतके रविवार सांगतोय. आज ते बदलणार नाही. तीच बाई, तेच रान, तोच प्रभू. आता बघा, या वेळी तो काय म्हणतो."

त्यांनी वाचलं. भिऊ नकोस. ऊठ, मुलाला उचल, त्याला हाताशी धर. आणि मग तिचे डोळे उघडले आणि तिला समोर विहीर दिसली.

"परत जा हे शब्द इथे कुठे आहेत?" पपांनी विचारलं. "मी काल रात्री उशिरापर्यंत शोधले. शेळ्या साक्षीला आहेत. मला ते हवे होते, कारण ते सोपे असतात. ते इथे नाहीत."

कुणीतरी हलकेच हसलं.

"आपण समजतो, प्रभू एकदा जे बोलला तेच दर वेळी बोलेल. पण तो वचन पाठ करून येत नाही. माणसाकडे बघून बोलतो. पहिल्या वेळी तो हागारेला म्हणाला, तू कुठून आलीस, कुठे चाललीस? दुसऱ्या वेळी म्हणाला, हागारे, तुला काय झालं? दोन्ही वेळा आधी प्रश्न आहे. आज्ञा मागून आहे. माझं बोट मात्र आयुष्यभर प्रश्नावरून घसरून आज्ञेवर जात राहिलं."

मग ते आणखी काहीतरी बोलणार होते. त्याऐवजी पुस्तक मिटलं आणि "आमेन" म्हणून खाली उतरले. इतका छोटा उपदेश त्यांनी त्याआधी कधी केला नव्हता, त्यानंतरही नाही.

प्रभुभोजनाचं मेज मांडलेलं होतं. पपांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाचा कुणाशी तंटा आहे का.

मामंजी उठले. "आहे. आमची सून न सांगता घर सोडून आली. ती परत येते म्हणाली की आमचा समेट झाला. नाही तर पाळकसाहेबांनी सगळ्यांना लावता तोच नियम लेकीलाही लावावा. काय चुकीचं बोलायलोय का मी?"

"चुकीचं नाही," पपा म्हणाले.  "पण मी तिचा बाप आहे. या ताटाचा निर्णय मी देणार नाही. मास्तर, ताट तुमच्या हाती आहे. तुम्ही ठरवा."

भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन बार्नबस मास्तर उभे होते. ज्या माणसानं माझं लग्न जमवलं, ज्यानं काल स्वतःच्या मताला मुरड घालून मला परत पाठवायची वाट शोधली, त्याच्याच हाती पपांनी मला दिलं होतं. मला वाटलं, बाप असून हात झटकले. आईच्या तोंडूनही तेच निघालं, "अरे देवा."

मास्तर मधल्या वाटेनं चालत आले आणि माझ्या बाकापाशी थांबले. ताट पुढे केलं नाही, मागेही घेतलं नाही.

"मिर्याम," ते म्हणाले, "खरं बोलायचं. प्रभूच्या मेजापुढं हाईस. या लोकांविषयी तुझ्या मनात वैर हाय का?"

मी उभी राहिले.  बायकांनी चर्चमध्ये बोलायची पद्धत नव्हती. पण विचारलं होतं, आणि विचारल्यावर सांगायचं हे तर मी ठरवलंच होतं.

"वैर नाही, मास्तर," मी म्हणाले. "भीती आहे."

चर्चमध्ये एवढी माणसं, पण कुणी खोकलं नाही. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. शनिवारी त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं होतं. आता डोळे हलवत नव्हते. मग त्यांनी वळून मामंजींकडे बघितलं, बेंजामिनकडे बघितलं. बेंजामिननं मान खाली घातली होती, आणि मला वाटतं, मास्तरांना त्या मानेतूनच सगळं कळलं. शाळामास्तर होते. कुणी खोडी केली आणि कुणी नुसती पाहिली, हे त्यांना बाकावरच्या मानांवरून कळायचं.

"भीतीला तंटा म्हणत न्हाईत," ते म्हणाले आणि ताट माझ्यापुढे धरलं. "घे, बाळ."

मी तुकडा घेतला. 

उपासना सुटल्यावर सगळे अंगणात रेंगाळले. पाय काढवत नाही अशी ती वेळ. मामंजी चपला घालत म्हणाले, "बरं. ताटाचा निकाल लागला. सुनेला यायचं नसेल तर नको येऊ दे. नातू आमचा आहे. बेंजू, पोराला घे, चल. गाडी चुकेल."

दानी बेंजामिनच्या कडेवर होता, त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालून. हेच माझं भय होतं.  पपा पुढे सरकले, मास्तरही सरकले. पण बाप आपलं मूल घेऊन निघाला तर अडवायचं कुणी आणि कशाच्या जोरावर? इकडे आड, तिकडे विहीर.

बेंजामिन चालू लागला. फाटकाकडे चार पावलं गेला असेल. मग थांबला. दानीनं बटण सोडून माझ्याकडे हात केले होते आणि रडायला सुरुवात केली होती. बेंजामिन वळला, सरळ माझ्यासमोर आला आणि पोर माझ्याकडे दिलं.

"भूक लागलीय त्याला," तो म्हणाला. "जालन्याला पोचेस्तोवर सांज होईल."

"बेंजू!" मामंजी ओरडले. "तुझ्या आईला काय सांगशील?"

"सांगीन, मी दिला."

एवढं बोलून तो फाटकाबाहेर गेला आणि बापाच्या पुढे चालत राहिला. लग्नाच्या सगळ्या काळात त्यानं घेतलेला तो पहिला निर्णय, आणि तो माझ्यापासून दूर जाण्याचा होता. मी त्याला मनापासून दुवा दिला. पुढे तो नाताळाला येत राहिला, दानीसाठी काही ना काही आणायचा, ओसरीवर बसून चहा घ्यायचा आणि जायचा. त्याच्याविषयी माझ्या मनात कधी कडू आलं नाही. मी नगरला जाऊन नर्सिंग शिकले, दानी आईपाशी वाढला. ती सगळी पुढची गोष्ट.

त्या दुपारी आईनं जेवायला वाढलं, पण कुणी धड जेवलं नाही. रविवारी जेवणानंतर पपा हमखास झोपत. त्या दिवशी झोपले नाहीत. दानी माझ्या मांडीवर झोपला होता आणि मी ओसरीवरच्या बाजेवर त्याला वारा घालत बसले होते. पपा आले, खुर्ची असताना खाली जमिनीवर बसले, माझ्या पायांशी. मला कसंसंच झालं.

"वर बसा ना, पपा."

"असू दे."

त्यांनी दानीच्या तळपायाला लागलेली माती बोटानं झाडली. 

"मिरू," ते म्हणाले, "मागच्या खेपेला तू आली होतीस. तेव्हा मला वाटलं, मी तुझ्याशी प्रभूच्या वतीनं बोलतोय. परत जा म्हणालो." त्यांनी मान हलवली. "तो प्रभू नव्हता गं. तो मीच होतो."

मी पंखा खाली ठेवला.

"ठाऊक आहे, पपा," मी म्हणाले. "प्रभू असता, तर त्यानं आधी विचारलं असतं."

त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले, माझ्याकडे वर बघितलं, आणि विचारलं.